कोलेस्टेरॉलची गोळी, दुखऱ्या पोटऱ्या आणि ताकदीच्या कॅप्सूल

नमस्कार श्रोतेहो.

ठाण्यात नौपाड्याला माझं औषधांचं दुकान आहे. सकाळी तलावपाळीच्या फेऱ्या झाल्या की बरीच मंडळी घरी जाता जाता काउंटरवर थांबतात. हल्ली त्यांच्याकडून ताकदीच्या एका कॅप्सूलची मागणी फार वाढली आहे. "ते को-क्यू टेन द्या हो. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पोटऱ्या भरून येतात, त्यावर उतारा." डॉक्टरांनी लिहून दिलंय का, असं विचारलं तर कळतं, फेऱ्या मारताना कुणीतरी सुचवलंय. ही कॅप्सूल विकून मला चार पैसे सुटतात, हे आधीच सांगतो. तरी माझं म्हणणं असं, की उतारा विकत घेण्याआधी दुखणं खरंच त्या गोळीचं आहे का, हे बघून घ्या.

या सल्ल्यामागचं शास्त्र अगदीच पोकळ नाही बरं का. स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी तुमची अ‍ॅटोरवास्टॅटिन किंवा रोझुवास्टॅटिन, यकृतातलं एक एन्झाइम अडवते. जपानचे अकिरा एंडो यांनी 1970 च्या दशकात बुरशीतून असा पहिला पदार्थ वेगळा काढला आणि 1987 मध्ये अमेरिकेत पहिल्या स्टॅटिनला मंजुरी मिळाली. हे एन्झाइम ज्या वाटेवर बसलंय, त्या वाटेनं कोलेस्टेरॉल तयार होतं आणि तिलाच पुढे फाटा फुटून को-क्यू टेनही. पेशींना ऊर्जा तयार करायला ते लागतं. पाट वरच्या अंगालाच अडवला की खालच्या दोन्ही वाफ्यांचं पाणी तुटतं, तसं हे. रक्तातलं को-क्यू टेन घटतं, हेही खरं. मग बाहेरून दिलं की दुखणं थांबायला हवं! पण चाचण्यांचा कौल एकसारखा नाही. काही छोट्या चाचण्यांत आराम पडला, काहींत नकली, म्हणजे औषध नसलेल्या, गोळीइतकाच गुण आला. त्यामुळे सरसकट सगळ्यांनी घ्यावी, असं डॉक्टर म्हणत नाहीत.

नकली गोळीवरून आठवलं. 2020 मध्ये लंडनला एक मजेशीर प्रयोग झाला. त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडून दिलेली साठ माणसं घेतली. त्यांना वर्षभर दर महिन्याला एक बाटली दिली. काहींत खरी गोळी, काहींत दिसायला तशीच पण औषध नसलेली, काही चक्क रिकाम्या. बाटली रिकामी असलेल्या महिन्यात त्रास कमी होता. खऱ्या गोळीच्या महिन्यात तो वाढला आणि नकलीच्या महिन्यातही जवळजवळ तेवढाच वाढला. आता याचा अर्थ "सगळे मनाचे खेळ" असा काढून कृपा करून घरातल्या आजोबांना टोमणे मारू नका. दुखतं ते खरंच दुखतं. फक्त त्याचं कारण दर वेळी ती गोळी असतेच असं नाही.

मग ओळखायचं कसं? गोळीचं दुखणं सहसा दोन्ही बाजूंना असतं. मांड्या, पोटऱ्या, खांदे. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत ते सुरू होतं. एकट्या उजव्या गुडघ्याची कळ मात्र बहुधा गुडघ्याचीच असते. डॉक्टर सीपीके, म्हणजे स्नायूंची रक्ततपासणी, करायला सांगतील आणि टीएसएच, म्हणजे थायरॉइडचीही. हे दुसरं चुकवू नका, कारण थायरॉइड मंदावला की स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही चढतं. तिथे खरा चोर वेगळाच निघतो.

व्हिटॅमिन डी-3 च्या पुडीचंही तेच, गरज आहे का हे न बघताच घेतली जाते. साठ हजार युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, असं साधारण लिहिलेलं असतं. पण जुनी चिठ्ठी दाखवून वर्ष वर्ष ती नेणारे आहेत. डी कमी असेल तर जरूर भरून काढावं, पण जास्त झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि मूत्रपिंडाला भोगावं लागतं.

सगळ्यात जपायचं ते रेड यीस्ट राइस, म्हणजे लाल बुरशीनं आंबवलेला भात, असं नाव असलेल्या कॅप्सूलपासून. मध्यंतरी एक काकू पिशवी घेऊन आल्या आणि काउंटरवर पालथी केली. रोझुवास्टॅटिनची स्ट्रिप, लसणाच्या कॅप्सूल, फिश ऑइल आणि लेकानं परदेशातून आणलेली ही बाटली. "नैसर्गिक आहे ना, म्हणून सोबत घेते." काकू, म्हटलं, त्या लाल भातातला मोनाकोलिन के म्हणजे लोव्हास्टॅटिनच आहे, तीच 1987 ची गोळी. म्हणजे एका स्टॅटिनसोबत तुम्ही दुसरी स्टॅटिन घेताय, तीही किती मिलिग्रॅम याचा पत्ता नसताना. बाटली फिरवून फिरवून पाहिली, आकडा कुठेच नव्हता. 2024 मध्ये जपानमध्ये अशाच लाल भाताच्या गोळ्यांमुळे लोकांच्या किडन्या बिघडल्या आणि माल परत मागवावा लागला.

गोळीचाच त्रास आहे असं ठरलं, तरी वाटा पुष्कळ आहेत. डोस कमी करता येतो, स्टॅटिन बदलता येते. रोझुवास्टॅटिन शरीरात बराच वेळ टिकते, म्हणून काहींना डॉक्टर ती दिवसाआड देतात. स्टॅटिन नसलेलं एझेटिमाइब हे औषध आहे. बेम्पेडोइक अ‍ॅसिड आहे, ते यकृतात गेल्यावरच कामाला लागतं, स्नायूंत नाही. हे सगळं डॉक्टरांनी ठरवायचं. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर, शेवटी सांगतो ते धोक्याचं लक्षण सोडून, गोळी आपल्या मनानं एक दिवसही बंद करू नका.

को-क्यू टेन घ्यायचंच असेल तर जेवणासोबत घ्या. ते तेलात विरघळणारं आहे, रिकाम्या पोटी नीट लागू पडत नाही. रक्त पातळ करायची वॉरफेरिन चालू असेल तर आधी विचारा, तिचा परिणाम कमी होऊ शकतो. आणि डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, काढ्याचं चूर्णसुद्धा त्या काकूंसारखं एका पिशवीत भरून न्या. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुणी लिहिलं तर कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे हे तेव्हाच सांगा. काही स्टॅटिन त्याच्यासोबत रक्तात फार चढतात.

एक लक्षण मात्र वाट बघण्यासारखं नाही. अंग प्रचंड दुखतंय, हातपाय उचलवत नाहीत आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतेय, असं झालं तर दुकानात येऊ नका. गोळी थांबवा आणि तडक हॉस्पिटल गाठा, रात्र असली तरी.

नमस्कार.