अंग चोरून उभं राहणारं अक्षर

मंडळी, आजचा विषय ‘जाड, अरुंद अक्षर: इंग्रजीतलं नि आपलं’. पण येताना दारावरचा फलक पाहिलात ना? मग आधी त्याचंच बोलू द्या, नाहीतर मला झोप यायची नाही.

गेल्या वर्षी बडोद्यातल्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणपतीचा फ्लेक्स मी करायला दिला. जागा दोन खांबांमधली, मजकूर ‘सार्वजनिक गणेशोत्सव’. ओळ मावेना. दुकानातल्या पोरानं माउसनं कोपरा धरला आणि ती आत ढकलली. “काका, फिट थई गयुं!” थयुं खरं. पण असं दाबलं की उभ्या रेघा बारीक होतात आणि आडव्या होत्या तेवढ्याच जाड राहतात. शिरोरेषा म्हणजे काड्यांवर ठेवलेली तुळई! त्यात ‘गणे’मध्ये उभ्या दंडांची ही गर्दी, लांबून कुंपणच वाटत होतं. पोरगा म्हणे, गुजरातीत असंच करतो, कोणी तक्रार करत नाही. अहो, गुजरातीला डोक्यावर रेघच नाही, तिथं दोष लपून जातो. आपली शिरोरेषा लगेच चहाडी करते. पैसे मात्र त्यानं न दाबता घेतले. आजचा फलकही तिथलाच. मी नको म्हटलं होतं, कार्यकारिणीत एकटा पडलो.

खरं अरुंद अक्षर दाबलेलं नसतं, अरुंद म्हणूनच आखलेलं असतं. ‘इम्पॅक्ट’ हा इंग्रजी फॉन्ट घ्या. जेफ्री ली यांनी आखलेला, १९६५ साली इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या स्टीफन्सन ब्लेक या खिळे ओतणाऱ्या कंपनीनं काढलेला, म्हणजे धातूचे खिळे जुळवून छपाई व्हायची त्या जमान्यातला. १९९६मध्ये मायक्रोसॉफ्टनं वेबसाठी मोफत दिलेल्या फॉन्टांत तो आला. तुमच्या नातवंडांच्या मीमवर काळ्या कडेचं पांढरं ठसठशीत अक्षर असतं ना, तोच. त्याची लहान लिपी जवळजवळ मोठीच्या उंचीची, वर-खाली डोकावणाऱ्या काड्या खुडलेल्या, पोटात जेमतेम फट. म्हणून ओळी एकमेकींना खेटून बसतात आणि थोड्या जागेत मोठा आवाज निघतो. मथळ्याला, पोस्टरला उत्तम. लग्नपत्रिकेतल्या पत्त्याला लावलात, तर फटी बुजतील आणि वऱ्हाड भलत्याच कार्यालयात जेवेल.

ही चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, दोनच घेतो. मुख्य मुद्दा तर राहिलाच.

आपल्याला वर-खाली खुडता येत नाही. ‘मूर्ती’ लिहा: वर रफार आणि वेलांटी, खाली ऊकार. म्हणजे ओळींमध्ये हवा ठेवावीच लागते, वाचवायचं ते रुंदीत. त्यासाठी गोल पोटं चौकोनाकडे न्यायची, आणि ‘ण’, ‘क्ष’सारख्या गर्दीच्या अक्षरांत रेघा किंचित सडपातळ करायच्या, म्हणजे डोळ्याला सगळा ठसा सारखा लागतो. इंडियन टाइप फाउंड्रीचे ‘टेको’ आणि ‘खंड’ हे देवनागरी फॉन्ट पाहा, दोन्ही मोफत मिळतात. आणि तेही मावलं नाही, तर ‘सार्वजनिक’ वरच्या ओळीत घ्या, गणपती रागावणार नाही.

‘श’ आणि ‘ल’च्या हिंदी वळणांबद्दल बोलायचं होतं, पण अध्यक्ष उठलेच. चहा घेताना विचारा, मी फलकाखालीच उभा असेन.