फायरवॉलवरचा 'ॲडमिन' नेमका कोण?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'रेडियस आणि दुहेरी पडताळणी', म्हणजे सगळ्यांचे लॉगिन एका जागी तपासणारा सर्व्हर, आणि पासवर्डसोबत मागितला जाणारा दुसरा पुरावा. तिथे पोहोचूच, पण आधी एक जुनी तक्रार ऐका.

कुठल्याही फोर्टिगेटचे (नेटवर्कच्या दारावर पहारा देणाऱ्या फायरवॉलचे) लॉग, म्हणजे नोंदवही, उघडा, एकच माणूस राबताना दिसतो: 'ॲडमिन'. पहाटे पॉलिसी (कोणाला आत-बाहेर सोडायचे त्याचे नियम) बदलणारा तोच, दुपारी व्हीपीएन (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये यायची सुरक्षित वाट) बंद पाडणारा तोच. एवढा कामसू, पण पगारपत्रकात नाव नाही! पासवर्ड पाच जणांना ठाऊक, त्यातले दोघे नोकरी सोडून गेलेले, आणि बदलायचा तर उरलेल्यांना कळवणार कोण, म्हणून तो तसाच.

म्हणून प्रत्येकाला स्वतःचे खाते द्या. सगळे अधिकार देणारे 'सुपर-ॲडमिन' प्रोफाइल दोघांनाच पुरे. हेल्पडेस्कला लॉग आणि पॉलिसी फक्त वाचता येतील असे वेगळे प्रोफाइल बनवा. मग प्रत्येक खात्याला ट्रस्टेड होस्ट, म्हणजे जिथूनच लॉगिन चालेल ते ठरावीक नेटवर्क पत्ते, लावा. एका खात्याला असे दहा पत्ते देता येतात. गोम अशी, की एकाही खात्याला ते लावायचे राहिले तर लॉगिनचे पान सगळ्यांनाच दिसत राहते. नऊ खाती बंदिस्त, दहावे उघडे, म्हणजे कष्ट वाया. चुकीचा पत्ता टाकून स्वतःच बाहेर राहिलात तर थेट यंत्राला जोडायची कन्सोल केबल वाचवते, तिला ट्रस्टेड होस्टचे बंधन नसते. (ती केबल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे, हे आजच बघून ठेवा.)

आणखी एक. जुना बॅकअप रिस्टोअर केला की काढून टाकलेली खाती जुन्या पासवर्डसकट परत येतात. रिस्टोअरनंतर यादी तपासायलाच हवी.

आयोजक घड्याळ दाखवताहेत, तेव्हा मूळ विषय भरभर. रेडियस १८१२ पोर्टवर चालते. फोर्टिगेट उत्तराची वाट मुळात ५ सेकंदच पाहते. फोनवर परवानगी विचारणारा संदेश (पुश) येऊन माणूस 'मंजूर' दाबेपर्यंत लॉगिन फसलेले असते. ही मुदत ६० सेकंद करा. कोड बरोबर असूनही नाकारला जात असेल, तर आधी एनटीपी, म्हणजे घड्याळ जुळवणारी सेवा, पाहा. घड्याळ सरकले की टोकन (दर थोड्या वेळाने नवा कोड देणारे ॲप किंवा यंत्र) जुळत नाही.

एलडॅप (कंपनीतल्या युजरांची मध्यवर्ती यादी) वापरणाऱ्यांनी सीव्हीई-२०२०-१२८१२ ही नोंदलेली सुरक्षा-त्रुटी विसरू नये. टोकन लावलेला स्थानिक (फोर्टिगेटवरच बनवलेला) युजर एलडॅपशी जोडलेला, आणि तो ज्या एलडॅप ग्रुपमध्ये आहे त्यालाही व्हीपीएनची परवानगी. नावातले एक अक्षर कॅपिटल टाइप केले की फोर्टिगेटला तो स्थानिक युजर सापडेना. एलडॅपला मात्र लहान-मोठ्या अक्षरांचा फरकच नाही. टोकन न मागता नुसत्या पासवर्डवर प्रवेश! फर्मवेअर अपडेट करा, युजरनावातला लहान-मोठ्या अक्षरांचा भेद बंद करा आणि गरज नसेल तर तो ग्रुपही काढा.

रेडियस बंद पडले तर? त्यासाठी एक स्थानिक खाते ठेवा, लांब पासवर्ड, पाकिटात सीलबंद. रेडियस मुद्दाम बंद करून त्या खात्याने दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून पाहा. ते होईपर्यंत पहिले सेशन सोडू नका.