केंद्रापासून शेवटच्या तोटीपर्यंत

(दृश्य: जलशुद्धीकरण केंद्र, पहाट)

पुण्यापासून तासाभराच्या अंतरावरील एका लहान शहराचे हे जलशुद्धीकरण केंद्र आहे. शहराचे नाव आम्ही घेत नाही, कारण येथे जे दिसेल ते जिल्ह्यातील इतर लहान शहरांतही दिसू शकते, आणि एकाच गावाकडे बोट दाखवून बाकीच्यांना निर्धास्त करणे योग्य नव्हे. धरणातून आलेले कच्चे पाणी प्रथम या पायऱ्यांवरून उतरते. उतरताना त्यात हवा मिसळते, कुबट वास काही प्रमाणात निघून जातो आणि विरघळलेले लोह तळाशी बसण्याजोगे होते.

पुढे तुरटी. तिचे प्रमाण अंदाजाने ठरवायचे नसते. या टेबलावरील काचपात्रांत एकच पाणी आहे, मात्र प्रत्येकात तुरटीची मात्रा वेगळी आहे. सगळी पात्रे एकाच वेगाने ढवळून नंतर स्थिर ठेवली जातात आणि ज्या पात्रातील गाळ चांगला बसून वरचे पाणी नितळ होते, ती मात्रा त्या दिवशी वापरली जाते. पावसाळ्यात एका रात्रीत पाण्याचा रंग बदलतो, म्हणून ही चाचणी तेव्हा रोज करावी लागते. मोठ्या गोल टाकीतील पंखे इतके संथ का फिरतात, असा प्रश्न पाहणाऱ्याला पडेल. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके बनतात, आणि पंखे वेगाने फिरवले तर ते पुंजके पुन्हा फुटतात.

(दृश्य: वाळूच्या गाळणीचा बॅकवॉश)

हे उसळणारे गढूळ पाणी म्हणजे वाळूच्या गाळणीची धुलाई. खालून हवा आणि पाणी उलट्या दिशेने सोडून वाळूत अडकलेला गाळ वर आणला जातो. भारतीय मानक १०५००, २०१२ प्रमाणे पिण्याच्या पाण्याची गढूळता १ एनटीयूपर्यंत (एनटीयू हे गढूळता मोजण्याचे एकक) असावी, आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तरच ती ५ पर्यंत चालवून घेता येते. ही अट पाणी डोळ्यांना बरे दिसावे एवढ्यासाठी नाही. मातीच्या कणांच्या आड जंतू दडतात आणि तेथवर क्लोरीन पोहोचत नाही. त्यामुळे गाळणी नीट धुतली गेली नाही, तर पुढे कितीही क्लोरीन घातले तरी त्यातील बराचसा वाया जातो.

क्लोरीन मिसळल्यानंतर पाणी किमान अर्धा तास थांबले पाहिजे. येथपर्यंतचे काम या केंद्रात मनापासून होते, आणि हे आम्ही आवर्जून नोंदवतो. रात्रपाळीचे कर्मचारी स्वतः वाळू तपासतात, नोंदवही भरतात. आमचा प्रश्न केंद्राच्या फाटकाबाहेर सुरू होतो.

(दृश्य: कात्रज तलाव, जुन्या नळाचा उच्छ्वास)

नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत भुयारी नळ बांधण्यात आला. केवळ उताराच्या आधाराने पाणी शहरात येत असे आणि पेठांमधील हौदांत पडत असे. काळा हौद, बदामी हौद, साततोटी हौद ही नावे पुणेकरांच्या पत्त्यांमध्ये आजही आहेत. परंतु आम्हाला येथे दाखवायचे आहेत ते हे उच्छ्वास. नळाच्या वाटेवर ठिकठिकाणी बांधलेल्या या उभ्या धुराड्यांतून आत हवा खेळत असे आणि खाली वाकून पाहण्याची सोय होती. वाटेत गाळ बसण्यासाठी जागा ठेवलेल्या होत्या आणि नळाची रुंदी माणूस आत जाऊ शकेल एवढी होती. उगमाइतकीच वाटेचीही काळजी घेणारी ती रचना होती. त्या काळी जंतूंची ओळख नव्हती, तरीही वाट उघडून पाहता आली पाहिजे हे बांधणाऱ्यांना कळत होते.

(दृश्य: गटारातून गेलेली घरगुती नळजोडणी)

आता पुन्हा त्या लहान शहरातील ही गल्ली पाहा. घरात जाणारी नळजोडणी उघड्या गटारातून गेलेली आहे आणि जोडावर सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली आहे. पाणी सुरू असते तेव्हा नळातील दाबामुळे ते फटीतून बाहेर झिरपते. व्हॉल्व्हमन व्हॉल्व्ह बंद करतो, दाब संपतो, आणि मग त्याच फटीतून गटारातील पाणी आत येऊ शकते. काही घरांनी थेट नळालाच मोटार जोडलेली असेल, तर हे ओढले जाणे आणखी वाढते. एक दिवसाआड पाणी येणाऱ्या वस्तीत हा प्रकार प्रत्येक वेळी घडण्याची शक्यता असते, आणि पाणी सुटल्यावर येणारी पहिली धार त्यामुळेच सर्वांत अविश्वसनीय असते.

या वाटेवर पाण्याची राखण करतो तो शिल्लक राहिलेला क्लोरीन. मानकानुसार तो ग्राहकाच्या नळाशी लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावा, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ०.५. तो मोजण्याची चाचणी साधी आहे, तिला सगळे ‘ओटी’ म्हणतात. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे आणि उमटलेला पिवळा रंग पेटीतील पट्टीशी लगेच ताडून पाहायचा; उशीर केला तर क्लोरीनची इतर संयुगेही रंग देतात आणि वाचन फसवे ठरते. टाकीखालच्या नळावर घेतलेली ही नळी पाहा: स्पष्ट पिवळी. त्याच सकाळी शेवटच्या गल्लीत घेतलेली ही दुसरी. तिच्यात रंग नाही.

ग्रामपंचायतीच्या गावात क्लोरीन घालण्याचे आणि तपासण्याचे काम जलसुरक्षक करतो आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या हाती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर असते. ताज्या पावडरमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पोते उघडे किंवा दमट जागी राहिले, तर तो उडून जातो आणि तेवढीच पावडर टाकूनही पाणी असुरक्षित राहते.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी या २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या गावांत आणि आसपास गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, काहींच्या नमुन्यांत दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जाणारा कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू मिळाला, आणि काही जणांचा मृत्यू झाला.

(दृश्य: नमुन्याची बाटली बर्फाच्या पेटीत ठेवताना)

निर्जंतुक बाटलीत आधीच घातलेले सोडियम थायोसल्फेट पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करते, म्हणजे नमुना घेतला त्या क्षणी जंतू होते की नव्हते हेच प्रयोगशाळेला कळते. मानक सांगते की १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेतून येणारा ई. कोलाय जिवाणू एकही सापडता कामा नये. हा अहवाल नगरपरिषदेच्या कार्यालयात जातो. ज्या घरातून नमुना घेतला, त्या घरातील बाईंना तो कोणी दाखवत नाही. आमची मागणी एवढीच आहे की प्रत्येक टाकीच्या फाटकावर एक फळा असावा, आणि त्यावर त्या टाकीच्या शेवटच्या नळाचे आजचे ओटी वाचन, वेळ आणि गल्लीचे नाव खडूने लिहिलेले असावे.