डाव्या हाताचे चार तास

मे १९४५. ब्रह्मदेशात इरावती नदीच्या पश्चिम काठावरचं तौंगडॉ. दुसरं महायुद्ध चालू होतं. माघार घेणाऱ्या जपानी फौजेची वाट ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातल्या आठव्या गुरखा रायफल्सच्या चौथ्या बटालियनने अडवून धरली होती. सगळ्यात पुढच्या खंदकात होता २७ वर्षांचा रायफलमन लछिमन गुरुंग. नेपाळमधल्या तनहूं जिल्ह्याचा, उंची चार फूट अकरा इंच. एरवी भरतीत उंचीवरूनच घरी पाठवला असता. पण १९४० साली युद्ध पेटलं होतं, पलटणींना माणसं हवी होती.

१३ मे. रात्रीचे एक वाजून वीस मिनिटं. किमान दोनशे जपानी चालून आले. पहिला हातबॉम्ब खंदकाच्या काठावर पडला. लछिमनने उचलून परत भिरकावला. दुसरा थेट आत पडला, तोही परत गेला. तिसऱ्याला हात घातला आणि तो हातातच फुटला. बोटं उडाली, उजव्या हाताच्या चिंधड्या झाल्या, चेहरा आणि पाय रक्तबंबाळ. खंदकातले दोघे सोबतीही जबर जखमी होऊन पडले.

आता त्याच्या रायफलकडे बघा. थ्री-नॉट-थ्री, आपल्या पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षं दिसलेली. तिच्या बोल्टची मूठ उजव्या बाजूला असते. प्रत्येक गोळीनंतर ती वर उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलून खाली दाबायची. तेव्हा कुठे पुढची गोळी सुटते. धडधाकट माणूस हे उजव्या हाताने करतो. लछिमनने डाव्या हाताने केलं. गोळ्या भरल्याही त्याच हाताने, अंधारात, समोरून लाटेमागून लाट येत असताना. चार तास!

सकाळी कंपनीच्या ठाण्याभोवती ८७ जपानी मृतदेह मोजले गेले. त्यांतले ३१ त्याच्या सेक्शनसमोर, म्हणजे छोट्या तुकडीसमोर, होते. तो खंदक पडला असता, तर सगळं ठाणंच गेलं असतं.

डिसेंबर १९४५ मध्ये दिल्लीच्या लाल किल्ल्यात व्हाइसरॉय लॉर्ड वेव्हेल यांनी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे शौर्यासाठीचा ब्रिटिशांचा सर्वोच्च सन्मान, दिला. उजवा हात आणि उजव्या डोळ्याची नजर मात्र गेली ती गेलीच. १९४७ नंतर आठवी गुरखा भारतीय सेनेत आली. लछिमन गावी शेतीकडे परतला.

पुढे निवृत्त गुरखा सैनिकांना ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क मिळावा, म्हणून मोठं आंदोलन झालं. नव्वदी ओलांडलेले लछिमन गुरुंग त्यातही पुढे होते. मे २००९ मध्ये ब्रिटिश सरकारला ती मागणी मान्य करावी लागली.