संगणक घेण्याआधी विचारा, तो उघडणार कोण?

श्रोतेहो, नमस्कार.

संगणक घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, रॅम किती जीबी? दुसरा, स्पीड किती? विदर्भातल्या खेड्यासाठी मी पहिला प्रश्न वेगळा सांगेन. हा बिघडला तर उघडणार कोण, आणि आत लागणारा भाग मिळणार कुठे?

भामरागडहून नागपूर तीनशे किलोमीटरच्या वर आहे. धारणीच्या माणसाला सेमाडोहवरून घाट उतरून परतवाडा आणि पुढे अमरावती गाठावी लागते. मशीन चादरीत गुंडाळून एसटीत मांडीवर न्यायचं, "आठ दिवसांनी या" हे ऐकून हात हलवत परत यायचं, आणि तेही जुलैअखेर, पीक विम्याची मुदत संपत आलेली असताना! सेवा केंद्रातला संगणक बंद पडला की एकट्या चालकाचं नुकसान होऊन भागत नाही. रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा सातबारा अडतो, विमा अडतो, पोरीच्या स्कॉलरशिपचा फॉर्म अडतो. म्हणून मी कळकळीनं बोलतोय.

सेवा केंद्र, शाळा, ग्रामपंचायत, कृषी केंद्र अशा एका जागी बसून चालणाऱ्या कामासाठी माझं मत ठाम आहे. साध्या मापाचा टॉवर कॅबिनेट असलेला डेस्कटॉप घ्या. त्यातला पॉवर सप्लाय, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो ठरलेल्या मापाचा असतो. जळला तर तालुक्याच्या दुकानातला दुसरा, पुरेशा वॅटचा, त्याच जागी बसतो. रॅम म्हणजे चालू कामाची तात्पुरती स्मृती, एसएसडी म्हणजे फायली साठवणारा भाग, शिवाय कीबोर्ड, माऊस, मॉनिटर, सगळं सुटं. जे गेलं तेवढंच बदलायचं. पडद्यातच सगळं कोंबलेला ऑल-इन-वन देखणा दिसतो, टेबलावर जागाही कमी घेतो; पण त्याचा पडदा गेला की अख्खं मशीन पाठवावं लागतं. खेड्यात तो घेऊ नका.

सुट्या भागांचा फायदा केवढा, ते ऐका. सेवा केंद्रावर नेहमी येणारी तक्रार आहे, "भाऊ, नेट चालू आहे, पण सरकारी साइट उघडूनच नाही राहिली." ब्राउझर म्हणतो, जोडणी सुरक्षित नाही. चालक नेटवाल्याला फोन करतो, विंडोज नव्यानं टाकायला निघतो. आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख बघा. ती कित्येक वर्षं मागे गेलेली असेल, तर मदरबोर्डवरचा, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचा, रुपयाच्या नाण्याएवढा चपटा सेल संपला आहे. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला मुदत असते. तुमचा संगणक चुकीची तारीख धरून बसला की त्याच्या लेखी ते प्रमाणपत्र ग्राह्यच नसतं. सेलवर सीआर २०३२ असं लिहिलेलं असतं, तो ३ व्होल्टचा असतो आणि घड्याळाच्या दुकानातही मिळतो. प्लग काढा, झाकण उघडा, जुना सेल नखानं उचला, नवा त्याच बाजूनं बसवा, तारीख नीट करा. काम झालं.

तसंच रॅमचं. बटण दाबलं, पंखा फिरतो, पण पडदा काळाच, किंवा आतून बीप-बीप आवाज येतो. दमट हवेत रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर काळसर थर चढतो. प्लग काढून, कॅबिनेटच्या उघड्या धातूला आधी हात लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, रॅम काढायची, पांढऱ्या खोडरबरनं पट्ट्या हलक्या हातानं पुसायच्या आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खट्‌ वाजेपर्यंत परत दाबायची. बारावीतल्या मुलीला एकदा दाखवलं की ती करू शकते. गावात असं एक माणूस तयार करा, हे मी आग्रहानं सांगतो.

आता जुन्या मालाबद्दल. कंपन्यांच्या कार्यालयांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर बाजारात स्वस्तात मिळतात. मशीन दणकट असतात, शाळेला तर फार चांगली. मात्र त्यांपैकी अनेकांचा पॉवर सप्लाय कंपनीच्या स्वतःच्या मापाचा असतो, बाहेरचा बसत नाही. म्हणून घ्यायचे तर सगळे एकाच मॉडेलचे घ्या आणि एक जास्तीचा घ्या. एक बिघडला की दुसऱ्याचे भाग उपयोगी पडतात.

त्यात एक खाचखळगा आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. पिढी ओळखायची कशी? आय-५ च्या पुढचा आकडा बघा. ८५०० असेल तर आठवी, ६५०० असेल तर सहावी, १०५०० असेल तर दहावी. दुकानदार नुसतं "आय-५ आहे" म्हणाला तर थांबू नका, पूर्ण आकडा विचारा. सहाव्या पिढीच्या मशीनवर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी टाकता येणारी दुसरी प्रणाली, छान चालतं, मुलांच्या अभ्यासाला ते पुरेसं आहे. सेवा केंद्राला मात्र अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सही यांसाठी बहुतेक वेळा विंडोजच लागतं. तिथे आठव्या पिढीच्या खाली जाऊ नका.

फिरतीचं काम असेल, किंवा गावात वीज वारंवार जात असेल, तर लॅपटॉप. त्याची बॅटरी हाच त्याचा यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी सोय. घेताना रॅम बोर्डावर पक्की डकवलेली आहे की काढता येते, ते विचारा. चार्जर टाइप-सी असेल तर उत्तम. चार्जर जळला तर पुरेशा वॅटचा दुसऱ्या कंपनीचाही सहसा चालतो. लेनोवोचे थिंकपॅड, डेलचे लॅटिट्यूड अशा कार्यालयीन मालिकांची दुरुस्ती पुस्तिका कंपनीच्या साइटवर फुकट मिळते. कोणता स्क्रू कुठला, हे चित्रांसह दिलेलं असतं.

आत चकती फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क आता नको. ती उन्हाळ्यात तापते, धक्का सोसत नाही. एसएसडी घ्या. पण एसएसडी जाते तेव्हा बरेचदा पूर्वसूचना न देता जाते, म्हणून कामाच्या फायली दर आठवड्याला दुसरीकडे उतरवून ठेवा.

आणि वीज. आपल्याकडे विजेच्या चढ-उतारानं किती मशीन जातात! डेस्कटॉपच्या पैशातच यूपीएसचे पैसे धरा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस फाइल जपून बंद करण्यापुरता वेळ देतो. त्यातली १२ व्होल्टची बॅटरी उष्णतेला फार भिते. पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं, आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरीला पारा पंचेचाळीसच्या पार जातो. तेव्हा यूपीएस पत्र्याखाली, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर अर्थिंग नाही, हे समजा, आणि वायरमनला बोलवा. कोळसा-मिठाचा अर्थिंगचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी घालत राहा. माती कोरडी पडली की अर्थिंग नावापुरतीच उरते. मान्सूनच्या तोंडावर कडकडाट सुरू झाला की पॉवरचा प्लग तर काढाच, इंटरनेटची तांब्याची तारही काढा. ती लोक विसरतात, आणि वीज तिच्यातूनही आत शिरते.

राहिली वॉरंटी. "तीन वर्षं" एवढंच ऐकून समाधान मानू नका. माणूस घरी येणार की मशीन त्यांच्याकडे न्यायचं? घरी येणार असेल तर तुमच्या गावाच्या पिनकोडला येतो का, हे कंपनीच्या फोनवर आधी विचारा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. दुकानदार किंवा कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, फोन करा. पैसे मोजण्याआधी दुकानातच कॅबिनेटचं झाकण काढायला सांगा आणि तो सेल, ती रॅम, तो पॉवर सप्लाय कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला लावा. मोबाइलवर एक फोटो काढून घ्या.

नमस्कार.