विकत घेतलेल्या वस्तूतील कुलपे

मित्रहो, २०१० साली इंटेल कंपनीने निवडक दुकानांत एक कार्ड विकायला ठेवले होते. किंमत ५० डॉलर. पेंटियम जी६९५१ हा प्रोसेसर असलेल्या संगणकात त्या कार्डावरचा संकेतांक भरला, एक लहानसा प्रोग्राम चालवला, की त्याच प्रोसेसरमधली एक मेगाबाइट कॅश (हाताशी ठेवलेली वेगवान स्मृती) आणि हायपरथ्रेडिंगची (एकाच गाभ्याकडून दोन कामे एकदम करून घेण्याची) सोय जागी होत असे. पेचकस लावायची गरज नव्हती, कारण गिऱ्हाइकाने पैसे मोजून घरी आणलेल्या त्या चिपमध्ये हे सारे पहिल्या दिवसापासून होतेच. ते फक्त निजवून ठेवलेले होते. बरीच टीका झाली आणि पुढच्याच वर्षी कंपनीने ही योजना गुंडाळली.

या प्रकाराला सरसकट लबाडी म्हणायला मी तयार नाही. चिप बनवण्याचा मुख्य खर्च आराखडा आणि कारखाना यांचा असतो. एकदा ते उभे राहिले, की दोन वेगळ्या चिपा बनवण्यापेक्षा एकच बनवून तिचे काही भाग बंद करणे पुष्कळदा स्वस्त पडते, आणि त्यामुळेच कमी ऐपतीच्या गिऱ्हाइकाला कमी भावात ती मिळू शकते. टेस्ला या विजेवरच्या गाड्यांच्या कंपनीने २०१६ मध्ये मॉडेल एसची ६० किलोवॅट-तासांची म्हणून जी गाडी विकली, तिच्यात बॅटरी ७५ची होती. घेणाऱ्याने कमी पैसे दिले आणि काय मिळणार हे त्याला ठाऊक होते, तेव्हा त्याची फसवणूक झाली असे म्हणता येत नाही. मात्र सप्टेंबर २०१७ मध्ये इर्मा चक्रीवादळ फ्लोरिडाच्या दिशेने आले, तेव्हा कंपनीने तिथल्या अशा गाड्यांची राखून ठेवलेली क्षमता दुरूनच, तात्पुरती, खुली करून दिली. माणसांना निसटायला त्याचा उपयोग झाला, यात शंका नाही. पण आपल्या अंगणातल्या गाडीची किल्ली खरोखर कोठे टांगलेली आहे, हेही त्या दिवशी मालकांना कळले.

व्हिडिओ खेळांच्या दुनियेत हाच वाद २०१२ मध्ये ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकन’वरून पेटला. तो खेळ काढणाऱ्या कॅपकॉम कंपनीने नंतर पैसे घेऊन देण्यासाठी राखलेली १२ पात्रे विकलेल्या डिस्कवरच होती, हे काही जाणकारांनी डिस्कमधील फायली उलगडून दाखवले. कंपनीचे म्हणणे असे, की ज्याने ती पात्रे घेतली त्याच्याशी न घेणाऱ्यालाही खेळता यावे, तर पात्रांची माहिती दोघांच्याही डिस्कवर असणे सोयीचे असते. तांत्रिकदृष्ट्या हे उत्तर खोटे नाही. तरीही हातात धरलेल्या डिस्कचा एक तुकडा आपला नाही, ही बोच त्याने जात नाही, कारण खेळणारा मनातल्या मनात डिस्क विकत घेतो, आणि विकणारा मनातल्या मनात परवाना विकतो.

माझा खरा आक्षेप मासिक भाड्याला आहे. बीएमडब्ल्यूने २०२२ मध्ये काही देशांत आसन गरम करण्याची सोय महिन्याच्या वर्गणीवर देऊ केली. ब्रिटनमध्ये ती १५ पौंड होती. पुण्या-मुंबईच्या उकाड्यात राहणाऱ्याला गरम आसनाचे अप्रूप वाटणार नाही, हे मान्य; पण आसनात तापणारी तार बसवलेली आहे, तिचे वजन गाडी मालकाच्या इंधनावर वाहते आहे, आणि ती तापू द्यायची की नाही हे दर महिन्याला नव्याने ठरते आहे. एकदाच पैसे घेऊन कुलूप काढले, तर व्यवहार संपतो. वर्गणीत तो कधीच संपत नाही. विक्रेता विकून झाल्यावरही घरमालक होऊन बसतो. २०२३ मध्ये बीएमडब्ल्यूने गरम आसनांची वर्गणी मागे घेतली, ती लोकांनी साफ नाकारल्यामुळे.

वस्तू दुसऱ्याच्या हाती गेली की ही गुंतागुंत आणखी वाढते. अमेरिकेत टेस्लाच्या एका मॉडेल एसमध्ये मूळची ६०ची बॅटरी बदलून वॉरंटीखाली ९०ची बसवली गेली होती. पुढे ती गाडी तिसऱ्या मालकाकडे आली, तिच्यावर ९०चीच खूण होती, आणि २०२२ मध्ये कंपनीने दुरूनच तिची क्षमता ६०वर आणून, ती पुन्हा खुली करण्यासाठी ४,५०० डॉलर मागितले. गवगवा झाल्यावर प्रकरण मिटले. गवगवा न झालेल्यांचे काय होत असेल, हा विचार मला अधिक अस्वस्थ करतो.

कुलूप स्वतःच उघडावे म्हटले, तर आडवा येतो कॉपीराइटचा कायदा, कारण हे कुलूप सॉफ्टवेअरचे असते. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यात डिजिटल कुलूप तोडण्यालाच मनाई आहे. मोटारींची दुरुस्ती आणि कायदेशीर फेरफार यांना २०१५ मध्ये मोठ्या खटपटीने सूट मिळाली, आणि असल्या सवलती दर तीन वर्षांनी नव्याने मागाव्या लागतात. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५अ मात्र कॉपीराइटच्या उल्लंघनाचा हेतू असेल तरच शिक्षा सांगते. हा फरक शब्दांचा वाटला, तरी मालकाच्या दृष्टीने मोठा आहे.

गेल्या दिवाळीत एक विजेची स्कूटर पाहायला गेलो होतो. काही सोयी वेगळे पैसे भरल्यावर सुरू होणार होत्या. मी विचारले, “या सोयी गाडीला लागू होणार की माझ्या मोबाइलवरच्या खात्याला? उद्या गाडी विकली, तर घेणाऱ्याला त्या मिळतील ना?” विक्रेता तरुण मुलगा होता, नम्र होता. “साहेबांना विचारून येतो, काका,” म्हणून आत गेला, आणि बऱ्याच वेळाने सवलतीचे पत्रक घेऊन बाहेर आला.