फूटपट्टी, पापलेट आणि जाळ्याची आस

शिक्षक बंधू-भगिनींनो,

आठवी ते दहावीच्या मुलांना समुद्राच्या संवर्धनाविषयी शिकवायचे म्हटले की आपण बहुधा प्लास्टिकपासून सुरुवात करतो. किनारा स्वच्छतेची फेरी निघते, घोषणा होतात, पोती भरतात. कचरा उचललाच पाहिजे, त्याबद्दल वाद नाही. पण ज्या मुलाच्या घरी पहाटे होडी परतते, त्याला समुद्राविषयीचा सर्वांत अवघड प्रश्न या फेरीत भेटतच नाही. समुद्रातून किती घ्यायचे आणि कुठे थांबायचे, हा तो प्रश्न.

माझी चूक आधी सांगतो. किनाऱ्यावरच्या शाळेतील पहिल्याच वर्षी मी वर्गात म्हणालो होतो की मच्छीमारांनी समुद्र ओरबाडला. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने मान खाली घातली, आणि त्यानंतर वर्षभर त्याने घरचा धंदा कोणता हे कुणाला सांगितले नाही. चौदा-पंधराव्या वर्षी मूल आपल्या घराकडे जगाच्या नजरेने पाहू लागते. त्या नजरेत शरम भरणे म्हणजे शिक्षण नव्हे, हे मला तेव्हा उमगले.

म्हणून पुढे मी मोजमापाकडे वळलो. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये सिल्व्हर पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षी ५४ प्रजातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरवून दिले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे, बोंबलासाठी १८०. माशाला आयुष्यात निदान एकदा तरी अंडी घालता यावीत, हा त्यामागचा साधा विचार. नववीच्या मुलांना हा नियम फळ्यावर सांगितला तर ती वहीत उतरवतात आणि विसरतात. मी त्यांना प्रत्येकी एक फूटपट्टी देऊन सकाळच्या मासळी बाजारात नेले.

बर्फाच्या पाण्याने पट्टीवरचे आकडे ओले झाले होते आणि पापलेटची चंदेरी चकाकी बोटांना लागत होती. एका मुलीने एक पापलेट मोजले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "सर, बारा सेंटीमीटर." ती माशांची पाटी तिच्या आईची होती. आईने ऐकले आणि तिने मला सरळ विचारले, "मेलेलं मावरं दर्यात टाकून काय जितं होणार हाय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि मुलांसमोर ते नसणेच उपयोगी ठरले, कारण परतताना चर्चा माशावरून जाळ्यावर गेली. लहान मासा बाजारात येईपर्यंत सारे घडून गेलेले असते; थांबवायचे असेल तर ते पाण्यातच, जाळ्याच्या आसाशी थांबवावे लागते.

आस म्हणजे जाळ्याचे भोक, हे कोळ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. मात्र ट्रॉलरच्या, म्हणजे जाळे मागे ओढत नेणाऱ्या यांत्रिक होडीच्या, जाळ्याच्या शेवटच्या पिशवीला ४० मिलिमीटरची चौकोनी आसच का सक्तीची केली आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. यासाठी वर्गात कांदे-बटाट्यांची जाळीदार पिशवी आणावी. ती लांबीच्या दिशेने ताणली की शंकरपाळ्यासारखी भोके मिटत जातात. ट्रॉलर ओढताना तिरप्या आसाचे असेच होते आणि बोटभर पिल्लूही बाहेर निसटू शकत नाही. चौकोनी आस ओढ लागली तरी उघडी राहते. पिशवी हातात घेतलेल्या मुलाला दुसरे स्पष्टीकरण लागत नाही.

आणि मग त्या पिशवीतूनच तो प्रश्न येतो, ज्यासाठी मी हा सारा खटाटोप करतो: नवीन जाळ्याचे पैसे कोण देणार? पुढच्या पिढ्यांच्या गरजांना बाधा न आणता आजच्या गरजा भागवणे, ही शाश्वत विकासाची व्याख्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाच्या १९८७ च्या ब्रुंटलँड अहवालातून आपल्यापर्यंत आली. पाठ करायला ती सोपी आहे. पण १ जून ते ३१ जुलै या पावसाळी मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या बंद असतात, तेव्हा खलाशाच्या घरी 'आजची गरज' कशी भागते, याचा हिशेब मुलांनी आपल्याच आळीत बसून मांडला, तर त्या व्याख्येतला प्रत्येक शब्द जड होतो. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न लोटण्याची रीत त्यांच्या आजोबांना कायद्याआधी ठाऊक होती, हेही त्याच वेळी सांगावे. बहुतेक मुले तेव्हा ताठ बसतात.

आपल्यापैकी अनेक जण पुण्या-नाशिककडचे आहेत आणि समुद्र तुमच्या वर्गापासून दूर आहे. पापलेट मात्र तुमच्याही मंडईत येते, आणि ताटात मावेल असे लहान पापलेट मागणारे गिऱ्हाईक शहरातलेही असते. तेव्हा फूटपट्टी तिथेही न्या. विक्रेत्याची परवानगी घेऊन दहा मासे मोजायला सांगा, वहीत तारीख, लांबी, भाव आणि मासा कोणत्या बंदरातून आला ते लिहायला सांगा, कुणालाही उपदेश करू देऊ नका. पुढच्या महिन्यात त्याच पाटीवर पुन्हा जा.